अनामत

खिडकीच्या जाळीला एक हात जाईल एवढंच भोक.
त्यातून नोटा आत येतात,
पावत्या बाहेर जातात.
अकरा वर्षं मी जाळीच्या या बाजूला.

गुलाबी पावतीवर सात रकाने :
शिकवणी, संगणक, वाचनालय, स्नेहसंमेलन,
ओळखपत्र, शुद्ध पाणी,
आणि सातवा, इतर.
इतर म्हणजे काय, पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं.
सर म्हणाले, बाई, इतर म्हणजे इतर.
तेव्हापासून मीही तेच सांगते.
आता तर आवाजही त्यांचाच लागतो.

एप्रिलच्या शेवटी हुडकेश्वर रोडवर
बारानंतर कुत्रंही दिसत नाही.
कूलरमधलं पाणी संपलेलं,
नुसता पंखा गरम वारा फेकत होता,
तेव्हा रेवनाथ तितरमारे आला.
डोक्याला दुपट्टा, नखांत पांढरं सिमेंट.
मुलीचे दहावीचे पेपर झालेले.
अनामत परत हवी होती.
दीड हजार.

"भरताना तर म्हणले होते बाई, वापस भेटते."
भेटेल की. अर्ज द्या.
"देल्ला न. तीनदा देल्ला."

मी रजिस्टर उघडलं.
आवक १८८. आवक २६३. आवक ३०५.
अक्षर माझंच.
समोर जावकचं पान,
लाल शाईच्या ओळी, एकदम सरळ,
पट्टीनं मीच आखलेल्या.
त्याखाली काही नाही.

तो चिडला असता तर बरं झालं असतं.
चिडलेल्यांसाठी आमच्याकडे शिपाई आहे.
हा जाळीला कपाळ टेकवून
हिशोब सांगावा तसं सांगत राहिला :
"अन् ते कंप्युटरचे बाराशे, दर साली.
ती खोली मीच केली ना बाई.
फरशी माह्या हातची.
चार दिवस गुडघ्यावर होतो तिथं.
ग्राइंडर लावाले वायर व्हरांड्यातून ओढत आणली,
काहून का त्या खोलीत एक बोर्ड नाही.
बटन नाही, पिन नाही, काहीच नाही.
मंग कंप्युटर चालते कायच्यावर?"

मला ती फरशी आठवली.
करड्या ठिपक्यांची, सांधे अगदी एकासारखे एक.
त्यावर प्लास्टिक पांघरलेली बारा खोकी,
तपासणीच्या दिवशी पांघरूण निघतं,
फुगे लागतात.

मी म्हटलं, अर्ज द्या.
तो हसला. मीही हसले असेन.
त्यानं माझंच पेन घेतलं,
माननीयच्या नीला पहिली वेलांटी दिली,
मग खोडून दुसरी.
"पाण्याचं पण लिहू काय?
पोट्टी म्हणते, त्या मशीनचं पाणी पिवळं येते."
लिहा, म्हटलं.
हळू म्हटलं.

आवक ४१७.
शिक्क्याची शाई वाळली होती,
दोनदा मारावा लागला.

संध्याकाळी फाइल सरांच्या टेबलावर ठेवली.
त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.
मुद्दाम नाही,
हाताशी होती म्हणून.

माझी सई इथंच आहे, सहावी ब.
कर्मचाऱ्याची मुलगी म्हणून अर्धी फी.
तिची पावती मीच फाडते,
सात रकान्यांसमोर अर्धे अर्धे आकडे लिहिते,
शुद्ध पाण्यापुढेसुद्धा.

आणि रोज सकाळी तिच्या दप्तरात
दोन बाटल्या ठेवते. घरचं पाणी, उकळून, गाळून.
दोन कशाला गं, असं तिनं एकदाच विचारलं,
दुसरीत होती तेव्हा.
मी म्हटलं, ऊन फार आहे.
जुलैतही हेच म्हटलं.

आता ती विचारत नाही.
एक बाटली तिची.
दुसरी रिकामी परत येते,
झाकणावर दातांच्या खुणा,
दर आठवड्याला निराळ्या.
ती मी घासून पालथी घालते
आणि कुणाच्या, ते विचारत नाही.